शेवट बदलला असता तर?

अ‍ॅलिस चिल्ड्रेस या अमेरिकन नाटककार बाईंबद्दल मी कुठेही बोलले की कुणीतरी विचारतंच : "'ट्रबल इन माइंड'चा शेवट जरासा बदलला असता तर बाईंचं काय गेलं असतं? ब्रॉडवेच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर नाटक आलेली पहिली कृष्णवर्णीय लेखिका ठरल्या असत्या!"

अहो, बदलला होता. 1955 साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच म्यूज थिएटरमध्ये 'ट्रबल इन माइंड' आलं, ते निर्मात्यांना हवा तसा गोड शेवट लिहून देऊनच. एका तालमीचं नाटक ते. तालमीतल्या संहितेत कृष्णवर्णीय आई मुलाला जीव घ्यायला निघालेल्या गोऱ्यांच्या झुंडीच्या स्वाधीन व्हायला सांगते. आईचं काम करणारी विलेटा गोऱ्या दिग्दर्शकाला विचारते, कुठली आई असं करेल? आणि अशा नाटकाला शेवटी समेट! तो लिहिल्याचा पश्चात्ताप चिल्ड्रेसना पुढे कायम राहिला. 1957 मध्ये ब्रॉडवेचं ठरत होतं, तेव्हा आणखी बदल मागितले गेले, आणि त्या नाही म्हणाल्या. 1959 साली तो पहिला मान लोरेन हॅन्सबेरींना मिळाला.

तिशीत मीही म्हणायचे, आधी पाय रोवावेत, मग हवं ते लिहावं. माझ्या पहिल्या नाटकात धुणीभांडी करणारी बाई शेवटी थकलेला पगार मागते आणि तो मिळेपर्यंत दारातून हलत नाही. निर्माते म्हणाले, प्रेक्षक हसत घरी गेला पाहिजे. एका रात्रीत, स्वयंपाकघरात बसून, मी तिला मालकिणीच्या गळ्यात पडून रडायला लावलं. पहिल्या प्रयोगाआधी विंगेत ते काम करणारी नटी हळूच म्हणाली, "ताई, माझी आई चार घरची कामं करायची. ती असं नसती बोलली." तिसरी घंटा झाली होती. मी तिचा पदर नीट केला आणि म्हटलं, "आज एवढं कर." तिनं केलं. टाळ्या पडल्या. नंतर 23 प्रयोग झाले, ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

त्या पैशांतून मी घराचं थकलेलं भाडं भरलं, हेही खरं. भाडं थकलेल्या माणसाला तत्त्वं शिकवणाऱ्यांचा मला आजही राग येतो. पण तिच्या आईचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही.

चिल्ड्रेस 1994 मध्ये गेल्या. नाटक ब्रॉडवेवर आलं 2021 साली, त्यांना हव्या त्या शेवटासह. बघायला त्या नव्हत्या. म्हणून "शेवटी न्याय मिळाला" असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही.

माझी मूळ पानं जपून ठेवलीत. पुढच्या महिन्यात वाचन ठेवलंय. त्या नटीला निरोप पाठवलाय, उत्तर अजून आलेलं नाही.