दोरीवरच्या लंगोट्या

२५ मे, रात्री

आज नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. दुपारी दोनला लाइन गेली ती साडेचारला आली. कूलर बंद, वर टिनं तापलेली, बाळ रडून रडून लालभडक. तेवढ्यात आजी चांदीचं बोंडलं घेऊन पुढ्यात उभी. आत पाणी. उकळून गार केलेलं, दुपदरी फडक्यानं गाळलेलं. म्हणजे तिच्या परीनं तिनं काही कमी ठेवलं नव्हतं.

“दोन घोट पाज व त्याले. नरडं सुकलं लेकराचं. आपन एवढे मोठे, आपल्याले धकत नाही पान्याबिगर.”

अडीच महिने मी हे टाळत आले. बाळ झोपलंय म्हणायचं, आत्ताच प्यालाय म्हणायचं, नाहीतर नुसतं हसायचं. बारशाच्या दिवशी मावशीआजी बोटाला मध लावून आली, तेव्हा ‘डॉक्टर रागावतील’ एवढ्यावर निभावलं. डॉक्टरचं नाव पुढे केलं की चालतं. तेच मी स्वतःचं म्हणून सांगितलं की मी दीडशहाणी. आज मात्र घाम डोळ्यांत उतरत होता, रात्रभर झोप नव्हती, आणि तोंडातून निघून गेलं, “आजी, तुला काही कळतं का? हे असलं पाजूनच मरायची पोरं तुमच्या काळात.”

आई चुलीपाशी होती, तिनं वळूनही पाहिलं नाही. आजीनं बोंडल्यातलं पाणी तुळशीत ओतलं आणि ओसरीवर जाऊन बसली. जेवायला आली नाही. उन्हानं अन्न जात नाही म्हणाली.

मुद्दा माझाच बरोबर होता, हे लिहून ठेवते, कारण आज तेवढंच हाताशी आहे. अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा ओढतं, तेच त्याचं पाणी. एवढुशा पोटात वरचं पाणी भरलं की ते दूध कमी ओढतं, आणि ओढलं नाही तर दूध उतरायचंही कमी होतं. शिवाय पाणी कुठलं? नळ चौथ्या दिवशी येतो. आला की आजीच गुंडात तुरटी फिरवत पुटपुटते, “गावातले ढोरं नाही पेनार हे पानी.” तिचंच हे वाक्य तिला हळू ऐकवलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

२६ मे

सकाळी आजी बोलली नाही. बाळाला न्हाऊमाखू घातलं, तेल जिरवलं, पाय ओढले, सगळं रोजच्यासारखं, फक्त तोंड बंद. तिच्या हातात बाळ रडत नाही, हे मला आवडतंही आणि थोडं लागतंही.

संध्याकाळी अंगणात बाजेवर आम्ही दोघी. मी पाजत होते. ती अंधाराकडे तोंड करून बोलायला लागली.

“तुह्या बापाच्या आंधी एक पोरगा झाल्ता मले. गोरापान. सुईननं सांगतलं, तीन दिस आंगावर घ्याचं नाही, चीक नासका असते. मी पिळला अन् भितीवर टाकला. कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पानी पाजत होतो. चोखे बी मस्त. नवव्या दिशी गेला.”

मला हे माहीतच नव्हतं. बाबांना माहीत आहे का, तेही विचारलं नाही.

मग ती म्हणाली, “तू काल म्हनली, तसं असन का?”

तो पहिला पिवळा, घट्ट चीक म्हणजे बाळाची पहिली लस, तासाभरात तोंडी लागला पाहिजे, हे मी बाळंतपणाआधीच पाठ केलं होतं. ग्रामीण रुग्णालयात नर्सनं तो पाजून घेतला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! तेच वाक्य आता या बाईला कसं म्हणू? म्हटलं तर त्याचा अर्थ साठ वर्षांनी तिच्या पदरात पडणार. आजवर मी तिच्याशी वाद घातला तो चूक-बरोबरचा. तिच्याकडून तो पोरगाही त्यात होता. घुटी नको म्हटलं, मध नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, प्रत्येक वेळी तिला काय ऐकू आलं असेल?

“नाळ कशानं कापली होती?” मी विचारलं.

“इळ्यानं. अजून कशानं.”

“मग धनुर्वातही असेल. आठव्या-नवव्या दिवशी त्यानं जायची बाळं. आता गर्भारपणातच इंजेक्शन देतात ना, त्याचंच. आज बसून कुणाला सांगता येणार आहे, आजी?”

हे खोटं नाही. पूर्ण खरं आहे का, तेही नाही. ती “हो?” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, “दूध बदल, त्या बाजूचं भरलं असन.” आणि होतंच भरलेलं.

२८ मे

ह्यांच्या नागपूरच्या आत्याचा फोन. बाळ बारीक दिसतं म्हणे फोटोत, डबा सुरू कर, रात्री तुलाही झोप मिळेल. फोन स्पीकरवर होता. आजी लसूण सोलत होती, तिथूनच म्हणाली, “माय जित्ती असतानी डब्याचं दूध कायले? अन् ते रबराची बुची? नाई बाप्पा.” फोन संपला! डब्यांची जाहिरात करायला आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. आजीला कायदा ठाऊक नाही, पण ती त्याच बाजूची निघाली. जुनं तेवढं चूक असं गृहीत धरून बसले होते ना मी.

३० मे

आशाताई आली. तिच्या ४२ दिवसांच्या भेटी संपल्यात, पण गल्लीतलीच आहे, जाता जाता डोकावते. झोळीच्या काट्यावर बाळ ४ किलो ६०० भरलं. जन्माचं २ किलो ७००. आजीनं काटा स्वतः वाकून पाहिला, आकडा वाचता येत नसताना.

आशाताईला मी आधीच डोळ्यानं खुणावलं होतं, तरी तिनं पाण्याचा विषय काढलाच. पण तिची रीत वेगळी. ती आजीलाच विचारते, “आजी, तुम्ही सांगा, दिवसाकाठी किती लंगोट्या ओल्या होतात याच्या?”

आजी म्हणाली, “मोजते कोन?”

“मोजा ना. सहाच्या वर भरल्या तर पोरगं तहानलेलं नाही. पोटात पाणी गेलंच नसतं तर बाहेर कुठून आलं असतं?”

हे आजीला पटकन पटलं. मी ८७-८८ टक्के सांगून हरले होते.

घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून निघाली, हेही आशाताईनं सांगितलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी मासिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशांना ते काम मिळालं. आजीनं यातलं एकच पकडलं. “गावातल्याच बाया? शिकेल नव्हत्या?” थोडं शिकलेल्या, आशाताई म्हणाली. आजीनं मान हलवली आणि तिच्यासाठी चहा ठेवायला मला सांगितलं. एरवी आशाताईला ती ओसरीवरूनच वाटेला लावते.

घुटीचं मात्र जमलं नाही. दारव्ह्याच्या बाजारातून आणलेली मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, खारीक पुडीत बांधून तयार आहे. सहा महिने काहीच नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. पोट फुगतं तेव्हा बेंबीभोवती हिंगाचा लेप तू लाव, म्हटलं. उन्हात अंगही तूच ओल्या फडक्यानं पूस. लेप तिनं लगेच कालवला, गरज नसताना. पुडी डब्यात गेली, फेकली नाही.

१ जून

दिवेलागणीच्या आधी बाळाचे कपडे घरात आले पाहिजेत, हा तिचा नियम. आज दोरीवरच्या लंगोट्या काढताना तिचे ओठ हलत होते. मी दारातून बघत होते. एक खाली पडली होती, ती झटकून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

“आठ,” ती आत येऊन म्हणाली. “अन् एक आंगावर हाय.”

थोड्या वेळानं, “मंग बोंडलं कवा काढू?”

सप्टेंबरात सहा महिने भरतात, मी म्हटलं. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

“म्हंजे पोळा झाल्यावर. वरनाचं पानी देईन पह्यलं. त्याले तर नाही म्हनत ना तुही आशा?”

पाणी नाही, घट्ट वरण दे, मी म्हणणार होते. पोळ्याला अजून वेळ आहे. आज नको.