टोपीचं तिकीट

आमच्या घरात एक गोष्ट आहे, दर दिवाळीला फराळाबरोबर निघते. थोरल्या काकांनी स्वारगेटला एस.टी.च्या खिडकीतून टोपी टाकून जागा धरली आणि आता काय घाई म्हणून ते चहा प्यायला गेले. तेवढ्यात गाडी सुटली. टोपी साताऱ्याला, काका स्वारगेटला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा इंग्रजीत सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही.

ऑफिसचा सोमवारचा कॉल होता. आमची दुपारची दीडची वेळ, मँचेस्टरकरांची सकाळची नऊची. शेवटचा माणूस जोडला जाईपर्यंत तिकडची मंडळी शनिवार-रविवारचं काहीबाही सांगतात आणि आम्ही पुणेकर म्यूटवर बसून हसतो. त्या दिवशी रेल्वेत जागा न मिळाल्याचा विषय निघाला आणि माझ्या तोंडून टोपी निसटली.

आम्ही पाचवीला एबीसीडी गिरवलेली पिढी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, तोवर आमची शाळा संपत आली होती. आमचं इंग्रजी म्हणजे गाळलेल्या जागा भरा. त्यामुळे गोष्ट सांगताना मी घटनेकडे कमी आणि काळाकडे जास्त बघत होते. टोपी आधी टाकली, गाडी नंतर सुटली, म्हणजे 'हॅड थ्रोन'. चहा मधल्या वेळात, म्हणजे 'वॉज ड्रिंकिंग'. शिवाय 'डायरेक्टचं इनडायरेक्ट करा' या प्रश्नात मला कायम पैकीच्या पैकी. आमच्या गोष्टीतला कंडक्टर मोकळ्या सीटवरच्या टोपीकडे बघून विचारतो, "हिचं तिकीट काढलंय का?" माझ्या इंग्रजीत त्याने 'टोपीने तिकीट काढले होते काय अशी पृच्छा केली'. असा कंडक्टर एस.टी.त एक दिवस टिकणार नाही.

त्यातून प्रश्न. टोपी कसली, क्रिकेटची? खिडकीतून का? टोपी ठेवली तर दुसरा माणूस तिथे बसत का नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला मराठीतही येत नाही. रुमाल, पिशवी, टोपी, कधी आख्खं पोर खिडकीतून आत सोडलं की जागा आपली, हा कायदा कुठे लिहिलेला नाही. मी समजावत राहिले आणि समजावता समजावता गोष्ट थंड झाली.

मग मी त्यांचं ऐकायला लागले. एका सहकाऱ्याने कुत्र्याची गोष्ट सांगितली. हा बाहेर कचरा टाकायला गेला, मागे दार लागलं, किल्ली आत. इथून पुढे तो एकदम वर्तमानकाळात घुसला. 'सो आय अॅम स्टँडिंग देअर', पायात मोजे, पाऊस पडतोय, आणि खिडकीतून कुत्रा माझ्याकडे बघतोय! मी थक्कच झाले. भूतकाळातली गोष्ट वर्तमानात सांगितली म्हणून आमच्या बाईंनी लाल रेघा ओढल्या असत्या. आणि हे तर आपलंच, 'मी जाते तर काय, दाराला हे भलंमोठं कुलूप'. त्यांचं 'सो' म्हणजे आपलं 'तर'. 'अॅपरंटली' म्हणजे चक्क 'म्हणे'. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, तेव्हा काकांनी 'म्हणे' टोपी टाकली. इतकी वर्षं मी हा शब्द 'उघडपणे' या अर्थाने पाठ केला होता.

आणखी एक दिसलं. त्यांच्या गोष्टीला माणसं फार लागत नाहीत. आपण 'आमच्या आत्याच्या मोठ्या जावेचा भाऊ' इथून निघतो; त्यांना 'माय अंकल' पुरतो, कोणता ते कुणी विचारत नाही. मग मी काटछाट करत गेले. आधी गाव गेलं, मग चहा, मग कंडक्टर. काही महिन्यांनी पुन्हा संधी आली तेव्हा मी म्हटलं, काकांनी एकदा बसमध्ये टोपीने जागा धरली. 'द कॅप गॉट द सीट. माय अंकल डिडन्ट.' आणि गप्प बसले. गप्प बसणं सगळ्यात कठीण होतं. पण हसले. कुत्रेवाला तर जोरात हसला.

त्या वर्षी दिवाळीला नव्या सुनेला गोष्ट सांगायचा मान माझ्याकडे आला. मी सांगितली. चकलीचा तुकडा तोंडात टाकून गप्प बसले.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "कंडक्टर कुठे गेला? आणि शेजारच्या सीटवरच्या बाई आपल्याच गावच्या निघाल्या, त्यांनी ती टोपी संध्याकाळी घरी आणून दिली, ते?"

"ते राहिलं."

"राहिलं काय! अगं, पोरगा नाही आणि नुसती टोपी दारात आलेली बघून आईने जो हंबरडा फोडला, की आख्खी आळी गोळा झाली. आणि हा रात्री नऊला पुढच्या गाडीने हलत डुलत येतोय, तर दारात ही गर्दी! हा लोकांनाच विचारतो, 'कोण गेलं?'"

सूनबाई हसून हसून पाटावरून कलंडली. थोरले काका कोपऱ्यात करंजी खात होते. म्हणाले, "नऊ नाही, साडेआठ."