बेळगावच्या मामाने मला मॅकडेव्हिड समजावला

एप्रिल संपत आला की मला बेळगावची ओढ लागते, एक तर आजोळ आणि दुसरं म्हणजे कोल्हापुरात घामानं जीव नकोसा झालेला असतो तेव्हा तिकडं संध्याकाळी गार वारं सुटतं. या वेळी शुक्रवारची रजा टाकली, सकाळी सकाळी स्टँडवर जाऊन कर्नाटकची बस पकडली, खिडकी मिळाली. कागल गेलं, कोगनोळीला हद्द ओलांडली, निपाणीत दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या खरं मागच्या सीटवरच्या बायकांचं बोलणं होतं तसंच राहिलं. (बघा, बेळगाव अजून लांब आहे आणि माझ्या तोंडात 'पण'च्या जागी 'खरं' यायला लागलं पण.) संकेश्वर, हत्तरगी, मग वंटमुरीचा घाट, आणि घाट चढला की हवा बदलते ती मला डोळे मिटूनसुद्धा कळते.

बसमध्ये मी जे नेहमी करते तेच केलं, मोबाइलवर बर्फावरच्या हॉकीतल्या कॉनर मॅकडेव्हिडचा एक जुना गोल लावून बसले. ५ नोव्हेंबर २०२१, त्याचा कॅनडातला संघ एडमंटन ऑइलर्स विरुद्ध न्यूयॉर्क रेंजर्स, मॅच संपत आलेली, एडमंटन एका गोलने मागे आणि हा माणूस मधूनच पक (चेंडूच्या जागी असते ती चकती) घेऊन निघतो आणि चार जणांच्या मधून जाऊन गोल करतो, मॅच बरोबरीत, मग ओव्हरटाइममध्ये एडमंटन ६-५ ने जिंकलं. किती वेळा बघितला असेल याचा हिशोब नाही. दरवेळी अंगावर काटा येतो आणि दरवेळी प्रश्न पडतो की नेमकं काय बघून येतो? वेगानं पळणारी माणसं काय कमी आहेत?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी नोकरीसाठी एडमंटनला दोन हिवाळे काढलेत. बाहेर उणे पंचवीस, कुठं जायची सोय नाही, ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांचं जास्तीचं तिकीट दिलं आणि मी ऑइलर्सच्या रॉजर्स प्लेस स्टेडियममध्ये सगळ्यात वरच्या रांगेत जाऊन बसले. १८ हजारांवर माणसं, खाली २०० फूट बाय ८५ फुटांचा बर्फ, दोन्ही बाजूला पाच-पाच जण आणि एकेक गोली, म्हणजे गोलकीपर. खेळाडू एकदम पंचेचाळीस-पन्नास सेकंदच खेळतात, जीव तोडून पळतात आणि परत बेंचवर येऊन बसतात, खेळ चालू असतानाच बदली होते. तर त्या दिवशी ९७ नंबरवाला, म्हणजे मॅकडेव्हिड, कठडा ओलांडून बर्फावर उतरला आणि अख्ख्या हॉलचा आवाज बदलला, पक अजून त्याच्याकडे आलेलासुद्धा नव्हता. तो आवाज मी विसरू शकत नाही. वरच्या रांगेतून एक गोष्ट दिसली जी टीव्हीवर दिसतच नाही, कारण कॅमेरा पकच्या मागं धावतो. हा गडी पक नसताना लांब मागं गोल फिरत वेग साठवत असतो, साठवत असतो, आणि पक मिळतो तेव्हा बाकीचे उभ्यानं निघतात आणि हा आधीच भरधाव आलेला असतो.

असो. मामाचं घर टिळकवाडीत. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वय सत्तरच्या पुढं, आयुष्यभर हॉकी बघितलेला माणूस, आपली मैदानावरची हॉकी. त्यांच्या घरात बंडू पाटलांचं नाव देवाच्या नावासारखं घेतात. बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकलेल्या संघात होते, फायनलला पाकिस्तानला १-० हरवलेलं, आणि त्याच संघाचे गोलकीपर शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फंट्रीचे, ज्यांचं सेंटर इथंच, बेळगावात. लहानपणी कॅम्पातल्या मैदानांवर मामानं मला हाताला धरून मॅचेस दाखवल्यात.

चहा पिता पिता मामानं माझ्या मोबाइलमध्ये डोकावून बघितलं.

"काय बघायलीस गे?"

"हॉकी आहे मामा, बर्फावरची."

"बर्फावर पाय ठरंना माणसाचा, हॉकी काय खेळायलेत? आणि चेंडू कुठं हाय?"

चेंडू नसतो, काळी रबराची चकती असते, तीन इंच रुंद, एक इंच जाड, साधारण १७० ग्रॅम, मॅचच्या आधी गोठवून ठेवतात म्हणजे उसळत नाही. मामाला ती स्क्रीनवर दिसेचना. खरं सांगायचं तर पहिल्या दहा-पंधरा मॅचेस ती मलाही दिसत नव्हती. मामा म्हणाले, "चकती दिसत न्हाई, खेळ कसा दिसंल?" आणि चष्मा काढून ठेवला. मला ते फार लागलं. ज्या माणसानं मला खेळ बघायला शिकवलं त्यालाच हा खेळ आवडू नये हे काही मनाला पटेना.

शनिवारी पहाटे बारक्याबरोबर स्केटिंगच्या रिंकवर गेले. बारका म्हणजे मामेभावाचा पोरगा, अकरा वर्षांचा, मी त्याची आत्या. बेळगावात स्केटिंगचं वेड केवढं आहे हे बाहेरच्यांना खरंच माहीत नसतं, सकाळी सहाला शंभरेक पोरं हेल्मेट घालून चक्रासारखी फिरत असतात आणि आया कठड्यावर डबे घेऊन बसलेल्या. बारका इनलाइनवर, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर. मी त्याला म्हटलं वळण कसं घेतोस दाखव. त्यानं बाहेरचा पाय आतल्या पायावरून टाकत वळण घेतलं, क्रॉसओव्हर म्हणतात त्याला, ते सगळ्यांनाच येतं. मग मी म्हटलं आता सरळ जाताना पण तसेच पाय टाक की. तो म्हणाला, "सरळ जाताना कशाला टाकायचं? सर ओरडतील."

तर मॅकडेव्हिड ते करतो. बाकीचे लोक वळणात क्रॉसओव्हर घेतात आणि सरळ रस्ता लागला की लांब ढांगा टाकतात. हा मोकळ्या बर्फावरही एकदा डावीकडं एकदा उजवीकडं पाय ओलांडत राहतो, त्यामुळं वेग तर वाढत जातोच वर तो कुठल्या बाजूनं जाणार ते शेवटपर्यंत कळत नाही. बर्फाच्या स्केटच्या पात्याला खालून खोलगट घासलेलं असतं, म्हणजे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात आणि त्या दोन धारांवर हे लोक सगळा खेळ करतात. बारक्यानं डोळे मोठे केले. त्याच्या मोठ्या बहिणीनं विचारलं पोरी खेळतात काय, म्हटलं खेळतात की, आपल्या भारताच्या मुलींनी २०२५ ला आशिया कपात ब्राँझ आणलं, बहुतेक सगळ्या लडाखच्या. ती दिवसभर मोबाइलवर लडाख शोधत बसली.

दुपारी जेवणं झाल्यावर मी मामाला परत गाठलं. या वेळी मॅकडेव्हिड नाही, ओव्हेचकीन दाखवला. हा एकदम वेगळा माणूस आहे. वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून खेळणारा रशियन, ६ एप्रिल २०२५ ला त्यानं ८९५ वा गोल केला आणि वेन ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला, जो कधी मोडेल असं लोकांना वाटत नव्हतं. आणि तो गोल कसा? समोरचा एक जण शिक्षा होऊन बाहेर बसलेला, ओव्हेचकीन बर्फावर आखलेल्या डावीकडच्या वर्तुळाजवळ, उजवीकडून पास, आणि दणका. वीस वर्षं तो त्याच जागेवरून तसाच मारत आलाय. सगळ्या लीगला माहीत, गोलीला माहीत, वरच्या रांगेत बसलेल्या पोराला माहीत, आणि तरी अडवता येत नाही.

मामा जरा सरसावून बसले. "आपल्यात पण असत्यात गे तसं. अमक्या पैलवानाचा घिस्सा म्हणून गाव बोलतंय, पुढचा महिनाभर घिस्सा तोडायचीच मेहनत करतोय, आणि मैदानात घिश्श्यावरच पडतोय." मग थोडं थांबून म्हणाले, "उद्या आनंदवाडीला चल."

आनंदवाडीचा आखाडा ज्यानं बघितला नाही त्यानं बेळगाव अर्धंच बघितलं असं माझं स्पष्ट मत आहे. रविवारी चार वाजता गेलो तेव्हा हलगी चालू झालेली, तांबडी माती पाणी मारून दाबलेली, लोक पायऱ्यांवर दाटीवाटीनं, अर्धी कॉमेंट्री मराठीत अर्धी कानडीत आणि दोन्हीला टाळ्या सारख्याच. बारक्या पोरांच्या कुस्त्या भराभर झाल्या. मग एक जोड लागली, एक उंच सडसडीत पोरगा आणि एक आखूड जाड मानेचा. मी अर्थातच उंच पोराकडं बघत होते कारण चपळ तोच होता. मामानं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"त्याच्याकडं बघू नको. पुढच्याच्या कमरंकडं बघ."

मी बघायला लागले. उंच पोरानं पट काढायला, म्हणजे पाय धरायला, खाली झेप घेतल्यासारखं केलं, आखूड पैलवानानं कंबर मागं ओढली. काही झालं नाही, दोघं परत उभे. परत तसंच, परत कंबर मागं. लोक ओरडायला लागले की लाव की कुस्ती, मला पण वाटलं नुसता वेळ घालवतोय. तिसऱ्या वेळी झेप अर्धीच घेतली, कंबर सवयीनं मागं गेली आणि कंबर मागं गेली म्हणून मान पुढं आली, आणि मी ते बघितलं, मान पुढं आलेली मी डोळ्यांनी बघितली, आणि पुढच्या क्षणी ढाकेचा डाव बसला आणि आखूड पैलवान आभाळ बघत पडला. हलगीवाला वेडा झाला. मी उठून उभी होते आणि कधी उठले ते आठवत नाही, एवढं मात्र नक्की आहे की कुस्ती व्हायच्या आधीच उठले होते.

मामा खालीच बसून होते. "पडला कधी? मातीत पडला तेव्हा न्हवं. दुसऱ्यांदा कंबर मागं घेटली तेव्हाच पडला. तो उंच पोरगा भित्यावर खेळायलाय, पुढच्याच्या भ्यावर."

रात्री गच्चीवर वारं एवढं होतं की मामीनं शाल आणून दिली. मी तोच २०२१ चा गोल लावला, आणि पहिल्यांदा मॅकडेव्हिडकडं न बघता रेंजर्सच्या माणसांकडं बघितला. सगळाच बदलला हो गोल! बचाव करणारा उलटा, म्हणजे मागं सरकत स्केटिंग करत असतो, छाती मॅकडेव्हिडकडं. जोपर्यंत तो तसा आहे तोपर्यंत दोन्ही बाजू त्याच्या ताब्यात. खरं हा पाय ओलांडत एका बाजूला झुकतो, त्याला वाटतं आता इकडून, तो कंबर वळवतो, आणि कंबर एकदा वळली की बर्फावर परत फिरवता येत नाही, मातीत तरी पाय रोवता येतात, बर्फावर तेही नाही. तेवढ्यात हा दुसऱ्या बाजूनं गेलेला. वेग आहेच, वेग नसता तर भीती बसलीच नसती, म्हणूनच पुढचे आधीच दोन पावलं मागं हटलेले असतात आणि मधे जी जागा तयार होते ती त्यांनी स्वतःच करून दिलेली असते. आपल्या अंगावर काटा येतो तो गोलामुळं नाही. पुढच्याचा निर्णय चुकलाय हे त्याच्या आधी आपल्याला कळतं आणि ते अर्ध्या सेकंदाचं कळणं सहन होत नाही, म्हणून माणूस उठतो. माझ्यापुरतं तरी उत्तर हेच आहे आणि ते मला एडमंटनच्या ॲरेनात मिळालं नव्हतं.

मामानं चष्मा लावला आणि म्हणाले चकती जाऊ दे, माणसं दाखव. मग रात्री साडेबारापर्यंत आम्ही बघत बसलो. बॉबी ऑर या जुन्या खेळाडूचा १० मे १९७० चा गोल, ओव्हरटाइमच्या चाळिसाव्या सेकंदाला, गोल करून पाय अडकून हवेत आडवा उडालेला तो फोटो, त्यावर मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत. ग्रेट्झकी गोलपोस्टच्या मागं जाऊन उभा राहायचा, तिथून गोल मारता येत नाही, खरं गोलीला मान मागं वळवून बघायला लागतं आणि पुढं कोण आलंय ते दिसत नाही. मामाला हे फार आवडलं, "हुशार हाय गडी" म्हणाले.

शेवटी २० फेब्रुवारी २०२५ ची बोस्टनची मॅच, चार देशांच्या स्पर्धेची फायनल, कॅनडा आणि अमेरिका, २-२, ओव्हरटाइम. मी मामाला विचारलं आता मॅकडेव्हिड काय करेल सांगा. "पळंल," मामा म्हणाले. पळाला नाही. सगळे कडेच्या पकच्या मागं गेले आणि हा, जगातला सगळ्यात वेगवान मानला जाणारा खेळाडू, गोलसमोरच्या मोकळ्या जागेत हळूच सरकून थांबला, त्याच्याच संघातल्या मार्नरनं पास दिला आणि गोल, ३-२. मामा हसायला लागले. "पळणार पळणार म्हणून सगळ्यांनी वाट सोडली, आणि ह्यो वाटंतच हुबा!"

सोमवारी दहाची बस होती. कुंदा घ्यायचा होता, मामीला मांडेही बांधून द्यायचे होते, आणि नऊ वाजले तरी आम्ही रिंकवरच. बारका सरळ रेषेत क्रॉसओव्हर टाकायचा प्रयत्न करत होता, तीन-चार पावलं जमायची आणि पाचव्याला पायात पाय यायचा, कोपर सोललेलं, परत उठून मागं जायचा. एका मोठ्या पोराला त्यानं समोर उभं केलं होतं, अडव म्हणून. आया म्हणत होत्या अरे हळू. मी बारक्याचा व्हिडिओ काढत होते. मामा कठड्याला टेकून त्या मोठ्या पोराच्या कमरंकडं एकटक बघत होते आणि मला म्हणाले, "थांब, बस जाऊ दे, दुसरी गावंल."