पद्मिनीची सीट आणि माझी कंबर

आमची गाडी 1986ची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी ती कागदोपत्री; घरात आणि अख्ख्या वाडीत ती फियाटच. कंपनीने 1974 साली नाव बदललं, पण आमच्याकडे ते कुणी मनावर घेतलं नाही. नंबर एमएच सुरू व्हायच्या आधीचा, त्यामुळे नाक्यावर एखादा नवीन पोलीस असला की तो पाटी दोनदा वाचतो. पंधरा वर्षं उलटल्यापासून दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन ती पुन्हा पास करून आणायची, एवढं सोडलं तर इंजिनाची तक्रार नाही. तक्रार होती ती ड्रायव्हरच्या सीटची.

गुहागरहून चिपळूण पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. शृंगारतळीपर्यंत ठीक असायचं. मार्गताम्हाणे आलं की डावी कंबर बोलायला लागायची आणि चिपळुणात उतरताना मी दार धरून म्हाताऱ्यासारखा उभा राहायचो. वय बेचाळीस. शेजारी अण्णा, वय अठ्ठ्याहत्तर, ते मात्र टुणकन उतरून वर मलाच विचारणार, "काय झालं रे?"

आधी केलेला गाढवपणा सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या गावातल्या सीट कव्हरच्या दुकानात गाडी नेली. त्यांनी जुनं काही उघडलंच नाही. आहे त्या सीटवर दोन इंच फोम टाकला, वरून चकचकीत कव्हर ओढलं आणि दोन तासांत गाडी हातात दिली. तीन हजार आठशे रुपये. पहिले पंधरा दिवस राजेशाही. फक्त मी दोन इंच वर गेलो होतो, म्हणजे मांड्या स्टिअरिंगला घासायच्या आणि खड्ड्यात गाडी आदळली की डोकं टपाला लागायचं. तीन महिन्यांत फोमची पोळी झाली. मग कंबर होती तिथेच, आणि कव्हरखाली घाम.

यंदा होळी झाल्यावर चिपळूणच्या एका जुन्या कुशनवाल्याकडे गेलो. सगळे त्यांना चाचाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. एसटीच्या सीटपासून डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलापर्यंत सगळं शिवलेला माणूस. शिलाई मशीन 2021च्या जुलैमधल्या पुरात दोन दिवस पाण्याखाली होतं. त्यांनी ते पूर्ण खोलून डिझेलमध्ये बुडवून ठेवलं आणि पुन्हा जोडलं. आजही त्याच मशीनवर काम चालतं, फक्त चाक फिरताना एक बारीक कुरकुर येते.

चाचांनी सीटवर हातसुद्धा ठेवला नाही. मला म्हणाले, "बसा." मी बसलो. ते मागे जाऊन मागच्या काचेतून बघत राहिले. मग पुढे आले. "तुमचा उजवा खांदा खाली आहे. सीट दाराकडे बसली आहे. वरून काय घालाल ते त्याच उतारावरून घसरणार."

हे इतकं सरळ होतं की आपल्याला कसं सुचलं नाही याची लाज वाटली. गाडीत चढता-उतरताना आपण दाराकडच्या कडेवरूनच घसरत जातो. चाळीस वर्षं रोज तीच कड दबली गेली. शरीर उजवीकडे कलतं आणि ते सरळ ठेवायला डावी बाजू सगळा रस्ता ताणून धरते. दुखायची ती म्हणून डावी कंबर.

"सीट काढून आणा," चाचा म्हणाले. "गाडी इथे ठेवायला जागा नाही माझ्याकडे."

काढणं मी घरी, खळ्यात केलं. मागची बैठक उचलली की आली. पुढची सीट ज्या रुळांवर सरकते ते रूळ खालच्या पत्र्याला बोल्टने जोडलेले, आणि समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर चाळीस वर्षं काढलेला बोल्ट हा बोल्ट राहत नाही. तो पत्र्याचाच एक भाग होतो. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मारत राहिलो. तिघे सुटले, चौथ्याचं डोकं तुटलं, तो ड्रिल करून काढावा लागला. इथे एक सांगतो: त्या जागी पुन्हा बसवताना हार्डवेअरच्या डब्यातला कुठलाही बोल्ट चालत नाही. ब्रेक दाबल्यावर अख्ख्या माणसाचं वजन त्या चार जागांवर येतं. चांगल्या ग्रेडचेच बोल्ट घेतले, खाली रुंद वॉशर घातले.

मागच्या सीटखाली चार आण्याची दोन नाणी निघाली, एक सुरंगीच्या गजऱ्याचा दोरा आणि पेटीला मारायचे खिळे, भरपूर. अण्णा पूर्वी एप्रिल-मेमध्ये मागची सीट काढून माळ्यावर टाकायचे आणि तिथे आंब्याच्या पेट्या भरायचे. त्यामुळे मागच्या सीटच्या स्प्रिंगा नव्यासारख्या आणि गादी मात्र उंदरांनी पोखरलेली. पुढच्या सीटचं बरोबर उलटं.

दोन्ही बैठका आणि ड्रायव्हरची पाठ टेम्पोतून चिपळूणला गेली. डाव्या बाजूची पुढची सीट मी काढलीच नाही. ती बरी दिसत होती आणि पैसेही मोजूनच होते. चाचा म्हणाले, "दोन्ही करा, नाहीतर उंची वेगळी होईल." मी म्हटलं, बघू.

चाचांनी कव्हर फाडलं नाही. ब्लेडने एकेक टाका उसवला, प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घातला आणि बाण काढला, पुढची बाजू कुठली ते कळायला. नवीन कव्हर याच तुकड्यांवरून कापायचं. पण जसंच्या तसं नाही, कारण जुनं रेक्झिन वर्षानुवर्षं बसून ताणलेलं असतं. त्याच मापाने शिवलं तर नवीन कव्हर पहिल्या दिवसापासून सुरकुतलेलं. किती कमी करायचं हे ते बोटांनी ओढून ठरवत होते. टेप गळ्यात होती, पण शोभेला.

कव्हर निघालं तसा एकेक थर दिसायला लागला. वर माझ्या गाढवपणाचा फोम. त्याखाली मूळ फोमची पिवळी पूड, हातात घेतली की भुगा. त्याखाली काथ्याची गादी, उजवीकडे पार चेपून पापडासारखी. मग कुजलेलं तरट. आणि सगळ्यात खाली नागमोडी स्प्रिंगा. दाराकडच्या दोन तुटलेल्या होत्या, मध्ये नव्हे, अगदी टोकाला, जिथे त्या क्लिपमध्ये अडकतात तिथे. तरट कुजल्यावर तुटलेली टोकं वर येऊन काथ्यात घुसली होती. आमचा खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल तिथेच साचते.

मी म्हटलं, वेल्डिंग मारून टाकू. चाचांनी मान हलवली. सांगाड्याच्या नळीला वेल्डिंग चालतं. बिजागरीजवळ एक चीर होती, तिथे मारलंही. स्प्रिंगला चालत नाही. तापवली की तिचा ताव जातो आणि जोडाच्या बाजूलाच ती पुन्हा मोडते. सोफ्यासाठी मिळणाऱ्या नागमोडी स्प्रिंगांमधून जवळच्या जाडीच्या निवडल्या, ग्राइंडरने कापल्या, टोकं आत वळवली. पाचही बदलल्या. दोनच नवीन घातल्या असत्या तर त्या कडक आणि जुन्या तीन ढिल्या, म्हणजे कल राहिलाच असता, फक्त दुसऱ्या बाजूला. प्रत्येक क्लिपमध्ये कॅनव्हासची छोटी पट्टी घातली. लोखंड लोखंडावर घासलं की सीट चालताना करकरते. ही पट्टी त्यासाठी.

सांगाडा तारेच्या ब्रशने घासणं आणि रेड ऑक्साइड मारणं हे माझ्याकडे होतं. दोन हात मारले, वर काळा रंग. कडक ऊन होतं म्हणून वाळला. हेच पावसाळ्यात काढलं असतं तर रंग ओला आणि खाली गंज सुरू.

मग काथ्याचा विषय निघाला, आणि इथे मी हट्टाला पेटलो. आमच्या आगरात नारळ, सोडणांचा म्हणजे नारळाच्या सालींचा ढीग, खाडीत कुजवून काथ्या काढणारे ओळखीचे. म्हटलं, गादी आपल्याच काथ्याची भरू. मला ती कल्पना फार आवडली होती. चाचांनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं.

"खाडीच्या पाण्यात कुजवलेला?"

"हो."

"मग त्यात मीठ. मीठ ओल ओढतं. खाली नवीन स्प्रिंगा घातल्यात तुम्ही."

दुसरं म्हणजे मोकळा काथ्या भरला की तो काही दिवसांत गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो. गाड्यांच्या सीटसाठी काथ्याच्या कुरळ्या धाग्यांवर रबराचा चीक फवारून ते पक्के केलेले असतात. धागा धाग्याला चिकटतो, मध्ये हवा राहते, दाबलं की खाली जातं आणि सोडलं की वर येतं. तसा इंचभर जाडीचा तक्ता त्यांनी मागवला. हात लावून पाहिला तर खरखरीत, हलका, उजेडासमोर धरला तर आरपार दिसतं. नुसत्या फोमपेक्षा आमच्या हवेला हे उत्तम, कारण घामाची वाफ खाली निघून जाते.

आता रचना अशी झाली: स्प्रिंगांवर जाड कॅनव्हास, त्यावर काथ्याचा तक्ता, त्यावर दोन इंच 40 डेन्सिटीचा फोम आणि सगळ्यात वर अर्धा इंच मऊ. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हे मला तिथे कळलं. 40 म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. त्यावर टिकाऊपणा समजतो. कडक-मऊ हे वेगळं, ते दाबूनच बघायचं. आधीच्या दुकानाने घातलेला फोम मऊही होता आणि हलकाही, दोन्ही दोष एकत्र.

सगळ्यात मोलाचा दिवस कव्हर चढायच्या आधीचा. चाचांनी मला उघड्या फोमवर बसवलं, पुढे खुर्ची ठेवली, त्यावर पाय टेकवायला लावले आणि चहा मागवला. अर्धा तास. मध्येमध्ये विचारायचे, "मांडीखाली काय? टोक लागतं?" पुढची कड उंच वाटली, त्यांनी करवतीच्या पात्याने फोम तिरका छाटला. पाठीला खाली, पट्ट्याच्या उंचीवर, अर्ध्या इंचाची पाचर चिकटवली. मग म्हणाले, "घेऊन जा. चादर टाकून दोन दिवस चालवा. मग शिवतो."

तसंच केलं. सीट बोल्टवर कसून, वर आईची जुनी चादर बांधून गुहागर-चिपळूण-गुहागर. मार्गताम्हाणे आलं आणि गेलं. परत गेल्यावर एकच सांगितलं की पाठीची पाचर बोटभर खाली हवी. त्यांनी सरकवली. हे कव्हर चढल्यावर सांगितलं असतं तर सगळं पुन्हा उसवावं लागलं असतं.

रंग मूळचाच मरून घेतला, उभ्या पट्ट्यांच्या शिलाईसकट. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा आमच्याकडे दोन पावसाळ्यांत कुजतो. चढवायच्या आधी शिवलेलं कव्हर उलटं करून बाहेर जांभ्याच्या पायरीवर उन्हात ठेवलं. दहा मिनिटांत रेक्झिन कणीक झाल्यासारखं लुसलुशीत. फोमवर प्लास्टिकची पिशवी पसरली म्हणजे कव्हर अडकत नाही, सरकतं. बसलं की पिशवी ओढून काढली. ती आत राहिली तर कुरकुरते आणि ओलही कोंडते. मग कव्हर सांगाड्याला अडकवणारी लोखंडी रिंग पकडीने एकेक करून दाबत नेली, आधी मधली, मग समोरासमोरच्या, कोपरे शेवटी. कोपऱ्याच्या एका सुरकुतीसाठी त्यांनी सहा रिंगा काढून पुन्हा मारल्या. मला ती सुरकुती दिसलीही नव्हती.

सांगितलेले दिवस नऊ, लागलेले चोवीस. खर्च साडेअकरा हजार, मागच्या सीटसकट. मृग लागायच्या दहा दिवस आधी गाडी पूर्ण झाली.

पहिल्या फेरीला अण्णा नेहमीप्रमाणे डावीकडे बसले. शृंगारतळीपर्यंत गप्प. मी मनात म्हटलं, कौतुक करणार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे, पुन्हा माझ्याकडे.

"तू वर गेलायस, की मी खाली गेलोय?"

त्यांची सीट खरंच तीन बोटं खाली होती. इतकी वर्षं दोघेही सारखेच खचलेले, म्हणून कधी कळलं नव्हतं. चिपळुणात उतरल्या उतरल्या चाचांकडे गेलो. ते हसले नाहीत, पण वही काढली. लग्नाच्या बसगाड्यांचं काम पुढे होतं. "गणपती झाल्यावर आणा."

दुसऱ्या दिवशी चावी घेऊन बाहेर आलो तर अण्णा आधीच गाडीत बसलेले होते. खाली आईची गोधडी, चौपदरी घडी करून.