चहाचे पैसे नाहीत

आमच्या घरात 'पार्टी' हा शब्द शिरला तो 2021च्या दिवाळीत. त्याआधी घरी यायचे ते पाहुणे. आता "उद्या पार्टी आहे" असं मी म्हटलं की मुंबईच्या भाचरांना वाटतं, केकबिक कापणार. कोकणातल्या आमच्या आंजर्ल्यात त्याचा अर्थ एवढाच, की चार अनोळखी माणसं पैसे मोजून आपल्या घरात झोपायला येणार.

हे काही हौसेनं सुरू केलं नाही. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या काही तासांत आमची नारळ-सुपारीची वाडी झोपली. पोफळी तर अशा मोडल्या होत्या, की कुणी गुडघ्यावर दांडकी धरून कटाकट मोडावीत. वाडी साफ करण्यातच पावसाळा गेला. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला सहा-सात वर्षं. माडाचंही तेच. झाड वाढतं त्याच्या वेगानं, पण विजेचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं. मागच्या पडवीला लागून दोन खोल्या होत्या. एकीत सोललेली सुपारी असायची, दुसरीत नारळाचा ढीग. दोन्ही मोकळ्या पडल्या. सुपारीच नाही तर सुपारीची खोली काय करायची, असं म्हणत म्हणत आम्ही तिथे पलंग टाकले.

पलंग सोपे असतात. खरा खर्च संडास-बाथरूमचा. विहिरीपलीकडे कंदील घेऊन जायच्या गोष्टी शहरातल्या माणसाला ऐकायला फार आवडतात. रात्री दोन वाजता जायला आवडत नाही. मग फरशा, कमोड, गिझर, आणि दुसऱ्या वर्षी एका खोलीत एसी. लोकांना कौलारू घर हवं असतं, पण कौलांतून जे जे खाली येतं ते नको असतं. पाल दिसली म्हणून एका बाईंनी मला रात्री साडेअकराला उठवलं होतं. मी झाडू घेऊन गेले. पाल माझ्याकडे बघत होती, 'तुम्ही ओळखता ना मला' अशा चेहऱ्यानं.

लोकांच्या घरातल्या खोल्या इंटरनेटवरून भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीची गोष्ट मुलानं सासूबाईंना सांगितली. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडं परवडेना. शहरात डिझायनरांचं संमेलन होतं, हॉटेलं भरलेली. त्यांनी दिवाणखान्यात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या, सकाळची न्याहारी देऊ म्हणाले, आणि त्यातून पुढच्या वर्षी कंपनी उभी राहिली, ती पुढे एवढी मोठी झाली. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हवेच्या गाद्या?" त्या म्हणाल्या, "आपल्याकडे कापसाच्या आहेत की."

केंद्र सरकारचीही एक निवास-न्याहारी योजना आहे. त्यात जास्तीत जास्त सहा खोल्या देता येतात आणि मालकानं कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं अशी अट आहे. ही अट वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "याचीही अट घालावी लागते? आम्ही जाणार कुठे?"

सगळ्यात जड गेलं ते पैसे सांगणं. खोलीचं भाडं मी सांगू शकते, त्यात काही वाटत नाही. पण ताटाचे? जेवायला वाढलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे म्हणजे सासूबाईंच्या दृष्टीनं पापच. पहिल्या पार्टीनं निघताना "काकू, जेवणाचे किती?" विचारलं तेव्हा त्या देवघरात जाऊन बसल्या आणि पार्टी फाटकाबाहेर पडेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मग आम्ही पाटी केली. साधं ताट, मोदकांचं ताट (आदल्या दिवशी सांगणे), घावन-चटणी. आकडे मुलाच्या अक्षरात. बोलायची वेळच नको. पाटीवर चहा मात्र नव्हता. मला वाटलं, राहून गेला.

मे महिना हा एक वेगळाच तिढा. आमचा सीझन म्हणजे दिवाळी ते नाताळ, मधले शनिवार-रविवार आणि मे. आणि मेमध्येच दोन्ही नणंदा पोरंबाळं घेऊन आंब्यांसाठी माहेरी येतात. पूर्वी त्या दोन खोल्या साफ करून त्यांना द्यायचो. आता एसीची खोली पार्टीला आणि नणंदा माजघरात, ओळीनं गाद्या टाकून. पहिल्या वर्षी थोरल्या वन्सं मला काही बोलल्या नाहीत, आईला म्हणाल्या, "आम्ही पाहुणे नाही वाटतं?" सासूबाई फणसाची भाजी चिरत होत्या. विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "पाहुण्याच तुम्ही. म्हणून माजघरात. खोलीत गिऱ्हाईक असतं." वन्सं हसल्या, पण रात्री पंखा कुणाकडे फिरवायचा यावरून थोडं झालंच. गणपतीत मात्र खोल्या द्यायच्या नाहीत, कुणी कितीही पैसे देवोत. एवढं एक आधीच ठरलेलं आहे.

काही पार्ट्या हर्णैच्या मासळीच्या लिलावातून सुरमई घेऊन येतात आणि "फक्त तळून द्या ना" म्हणतात. आमच्या चुलीवर ते होत नाही. खाडीपलीकडे करून देणारे आहेत, त्यांच्याकडे पाठवते. कासवांच्या दिवसांत वेगळाच प्रकार. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची अंडी जाळीच्या कुंपणात जपतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात, मग त्यांना सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. ती रांगत पाण्यापर्यंत जातात ते बघायला माणसं रात्रभर गाडी चालवून येतात. आली नाहीत पिल्लं, तर तोंड माझ्याकडे करून बसतात. "काकू, उद्या नक्की येतील ना?" जशी काही आमच्याकडेच कामाला आहेत.

कासवांसाठी पहाटे साडेपाचला उठणाऱ्यांना चहा लागतो. तो सासूबाई करतात. गवती चहा घालून, मोठ्या पातेल्यात, कुणी मागायच्या आत. गेल्या फेब्रुवारीत एकजण आला. एकटाच, लॅपटॉप घेऊन, 'घरून काम' करायला दुसऱ्याच्या घरी. चार दिवस ओटीवर बसला. दिवसाला आठ-आठ चहा. दूध, साखर, गॅस, सगळं माझ्या वहीत दिसत होतं. शेवटी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, चहाचाही दर लावू या. पहिले दोन फुकट, पुढचे दहा रुपयांनी."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी व्यवहाराचं पहिल्यांदाच बोलल्या असतील.

"अगं, चहाचे पैसे घेतले तर मी त्याला काही विचारू कशी?"

मला कळेना.

"चहा नेऊन दिला की मी तिथे टेकते. गाव कुठलं, आई-वडील कुठे असतात, लग्नाचं काय, विचारते. पैसे घेतले तर तो गिऱ्हाईक झाला. दुकानदार कधी विचारतो का, लग्न कधी करणार म्हणून?"

म्हणजे पाटीवर चहा राहून गेला नव्हता. माणसाकडून दोन प्रश्नांची उत्तरं मिळवायची त्यांनी लावलेली किंमत होती ती, आठ कप म्हणजे सोळा प्रश्न. त्या मुलाची आई साताऱ्याला एकटी असते, तो तिच्याशी सहा महिने बोलला नव्हता आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलला, हे मला त्यानं नाही, सासूबाईंनी सांगितलं. ओटीवर मला ऐकू आला होता तो फक्त लॅपटॉपचा टकटकाट.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका जोडप्यानं गेल्यावर लिहिलं: 'जागा स्वच्छ, जेवण अप्रतिम, चहा उत्तम. आजी फार चौकशा करतात.' एक तारा कमी. मुलानं ते वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कोण? ते नाशिकचे? अजून मूल नाही म्हणाली होती ती." मी कपाळाला हात लावला. तारा कशानं गेला ते मला कळलं, त्यांना अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मी एक करते. जोडपं असलं की चहा मी नेते, ठेवते, आणि लगेच परत फिरते. एकटा माणूस, म्हातारी माणसं, पोरांचा घोळका असला की सासूबाईंच्या हातात ट्रे देते.

उद्या पार्ल्याची सहाजणांची पार्टी आहे, दोन रात्री, मोदक आजच सांगून ठेवलेत. आत्ता फोन ठेवला तेवढ्यात सासूबाई नारळ खवता खवता आतून म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालीस?"