जिन्यातला दिवा आणि पुन्हा पुन्हा घाबरवणारे सिनेमे

गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी तळघरात वाळत घातलेले कपडे आणायला उतरले. नवरा कामासाठी म्युनिकला, आणि घरात एकटीच आहे म्हणून मी शहाणपणाने 'रिंगू' हा भयपट लावलेला. आठव्यांदा. कपड्यांचा टब कमरेवर घेऊन वर निघाले आणि दुसऱ्या वळणावर जिन्यातला दिवा विझला.

सांगलीच्या पोरीला अंधाराचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. आमचं शाळेचं वय लोडशेडिंगमध्येच गेलं. पण तिकडे लाइट गेली की अख्ख्या गल्लीची जायची. लगेच शेजारून "तुमची पण गेली का गं?" अशी हाक, मग मेणबत्तीची शोधाशोध, मग पायरीवर गप्पा. इथे हॅम्बुर्गमध्ये लाइट फक्त माझी जाते. बटण दाबलं की जिन्यातला दिवा तीन मिनिटं जळतो आणि आपला आपण बंद होतो. विजेची बचत. मी मोबाइलवर वेळ लावून पाहिलीये: रिकाम्या हाताने चार मजले, एक मिनिट पन्नास सेकंद. तळघरापासून, ओला-सुका टब घेऊन, मध्ये एकदा दम खात, तीन मिनिटं वीस सेकंद. हे वरचे वीस सेकंद कोणाच्याच हिशेबात नाहीत. इमारतीचं बघणाऱ्यांना मेल केला, तर उत्तर आलं की तीन मिनिटं पुरेशी आहेत. पुरेशी कोणाला? प्रत्येक मजल्यावर बटण आहे हे मलाही कळतं. अंधारात दिसावं म्हणून त्यावर लाल ठिपका असतो, तोही मान्य. आमच्या पहिल्या मजल्यावरचा ठिपका दोन वर्षं बंद आहे. बाटलीचं झाकण कुठल्या डब्यात टाकायचं यावर अर्धा तास बोलू शकणाऱ्या लोकांना एक ठिपका बदलता येत नाही!

असो. तर मी भिंत चाचपत उभी, आणि दोन पायऱ्या वर कोणीतरी श्वास घेत होतं.

मी "आई गं!" करून किंचाळले. टब सुटला, मोजे खालपर्यंत गेले. मग वरून शांत आवाज आला, "गुटन आबेंड," म्हणजे शुभ संध्याकाळ. पहिल्या मजल्यावरच्या आजी. सहा वर्षं मी त्यांना रीतसर 'फ्राउ' (म्हणजे श्रीमती) आणि आडनाव अशी हाक मारते, पण मनात आजीच. कचऱ्याची पिशवी घेऊन दिवा लागायची वाट बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, कोणीतरी येतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराच्या मुठीला कागदी पिशवी, आत छोटा टॉर्च आणि माझा एक मोजा.

तर मुद्दा 'रिंगू'चा. (१९९८चा मूळ जपानी, नंतरचा अमेरिकन नव्हे.) दचकवणारे सिनेमे एकदाच चालतात. दुसऱ्या वेळी कुठे धाडकन आवाज होणार ते ठाऊक असतं, आपण आधीच उशी धरून बसतो. 'रिंगू'त मला सगळं पाठ आहे. टीव्हीतून बाहेर येणारं सादाको नावाचं भूत असं विचित्र का चालतं तेही माहीत आहे: नटीला उलटं चालवलं आणि चित्रीकरण उलट्या क्रमाने दाखवलं. तरी दर वेळी अंगावर काटा येतो, कारण हे चालणं बरोबर नाही हे डोक्याच्या आधी डोळ्यांना कळतं.

'द शायनिंग'ची (१९८०) भीती कानात आहे. तो मुलगा हॉटेलभर तीनचाकी फिरवतो. लाकडी फरशीवर घरघर, गालिचा आला की एकदम गप्प, पुन्हा घरघर. आमच्या वरच्या मजल्यावर एक तीन वर्षांची मुलगी आहे आणि तिच्याकडे तीनचाकी आहे, याहून जास्त सांगत नाही. पण खरी गंमत मला इथे आल्यावर कळली. त्या मुलाचा बाप जॅक पानंच्या पानं एकच वाक्य टाइप करत बसतो ना, ती पानं दिग्दर्शक कुब्रिकने जर्मन प्रेक्षकांसाठी वेगळी करून घेतली. त्यावर जर्मन म्हण आहे: आज करता येईल ते उद्यावर ढकलू नकोस. हे वाक्य माझा साहेब आठवड्यातून दोनदा म्हणतो. मी तो प्रसंग आता पुढे ढकलून बघते.

जिन्याची भीती तर या जर्मनांचीच. दिग्दर्शक मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' १९२२चा, मूकपट. त्यात रक्तपिपासू काउंट ऑर्लॉकची नुसती सावली जिना चढते. बोटं लांब, घाई अजिबात नाही. शंभर वर्षांत यापेक्षा चांगला जिना कोणी चढलेला नाही. त्यातलं ऑर्लॉकचं घर म्हणजे ल्यूबेकमधली मिठाची जुनी कोठारं, इथून रेल्वेने पाऊण तासावर. समोर उभं राहून लोक मार्झिपान, म्हणजे बदामाची मिठाई, खातात. मीही खाल्लं.

आता आपलं. ऑफिसातला एकजण म्हणाला, तुमच्या भयपटांत गाणी असतात ना? मी चिडले. रामगोपाल वर्माच्या 'भूत'मध्ये (२००३) एकही नाही, हे लगेच ऐकवलं. बाकीच्या चाळीस सिनेमांबद्दल त्याला सांगायची गरज नव्हती. मग चौघांना घरी बोलावून 'तुंबाड' दाखवला. साखळीने बांधलेली ती आजी, तिला भरवायचं, आणि हस्तर या राक्षसाचं नाव घेतलं की ती झोपते. खालची अक्षरं वाचत चौघे गप्प. मला मात्र अक्षरं लागत नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. तो पाऊस, ओल्या भिंती, लुगड्यातल्या बायका. हे सगळं मी कोकणात मामाकडे पाहिलंय. त्या घराचा वास मला येतो, त्यांना येत नाही. २०१८ला मी तो सांगलीत पाहिला तेव्हा थिएटरात आम्ही नऊजण होतो. २०२४ला पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. मैत्रिणींनी भरलेल्या थिएटरचे फोटो पाठवले. मी त्या रात्री पोहे केले आणि कोणाशी बोलले नाही.

काल टॉर्चबद्दल आभार मानायला खाली गेले, लाडू घेऊन. आजींनी विचारलं, त्या दिवशी एवढी का घाबरलीस? मी सिनेमाचं सांगितलं. त्यांना 'तुंबाड' बघायचाय. शुक्रवारी यायचं ठरलं. दहानंतर आवाज चालत नाही, म्हणून साडेसातला लावणार. पावणेदोन तासांचा आहे, चहासकट बसतो. मग त्यांना पहिल्या मजल्यापर्यंत मी सोडणार.

तिथून वर मला एकटीला यायचंय, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.