एकच मागितलं, मी एकच दिलं

परभणीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. आमचं काम म्हणजे अडलेली म्हैस, फुगलेली शेळी. मांजर आलंच तर घरच्यांनी तापावर माणसाची पॅरासिटामॉल चारल्यावर. मांजराच्या यकृताला ती पेलत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. पंधरा वर्षं हेच सांगतोय. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुन्हा चारतात.

ही दोघं मात्र धडधाकट आली. मे महिन्यात मोंढ्यातलं एक जुनं गोदाम पाडायला काढलं, तिथल्या हमालांनी डालग्याखाली धरून आणली. बोका पिवळा, भाटी तीनरंगी. दातांवरून वर्षभराची, बहुधा एका विताची. दोघांची नसबंदी केली, लसी टोचल्या. पिंजऱ्यात भाटी कायम बोक्याच्या पाठीमागे. तो आधी खायचा, ती त्याच्याआडून बघायची, मग खायची. कंपाउंडर म्हणाला, "सर, ही त्याच्याच जिवावर हाय."

मलाही तसंच वाटलं.

गावातले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या मंडळी आल्या. घरात उंदीर फार. "एकच द्या, डॉक्टर. दोन कशाला? खाणं कुणी घालायचं?" आमच्याकडे मांजर विचारायला वर्षात चार माणसं येत नाहीत, त्यामुळे मी लगेच हो म्हणालो. बोका धीट, तो रुळेल. भाटी राहू दे माझ्याकडे. दहा मिनिटांत निकाल लावला. गाय विकतानाही लोक यापेक्षा जास्त विचार करतात.

भाटी दोन दिवस कोपऱ्यात होती, तिसऱ्या दिवशी जेवली. चौथ्या दिवशी फोन आला. बोका दिवाणाखालून निघत नाही, वाटीला तोंड लावलेलं नाही. मी चरकलो. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि मग ते अन्नाकडे बघतच नाही. दवाखान्यात आणला तेव्हा वजन ३.८ किलोवरून ३.४ वर आलेलं, कानाच्या आत पिवळसर झाक. सलाइन कातडीखाली दिलं, पातळ खाणं सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं. जबरदस्तीने ओतलं तर फुफ्फुसात जातं, हे गुरुजींना दोनदा करून दाखवलं.

आणि बोक्याला परत भाटीजवळ ठेवलं, तर ती फिस्कारली! त्याच्या अंगाला उदबत्तीचा वास. मांजर आपलं माणूस वासानेच ओळखतं, हे मी दुसऱ्यांना शिकवतो, तरी विसरलो. तिच्या खालचं गोणपाट काढून त्याच्या गालांवर, पाठीवर घासलं. अर्ध्या तासाने ती सरकत आली आणि नेहमीसारखी त्याच्या पाठीमागे टेकली. तेव्हा कुठे त्याने वाटीकडे मान वळवली.

म्हणजे जिवावर कोण होतं? पाठीमागे कुणी असलं तरच त्याची धिटाई, असं म्हणावं तर चार दिवसांत प्रवास, अनोळखी घर, उन्हाळा असं सगळंच त्याच्या अंगावर पडलं होतं. नक्की सांगता येत नाही. भाटी दिली असती तर? तेही सांगता येत नाही.

दहा दिवसांनी गुरुजी दोघांना न्यायला आले. घर माळकरी. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं, दूधभातावर ठेवलं तर डोळे आणि हृदय जातं, असं मी सांगितलं. मंडळी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाकिटातलं चालंल ना? वाटी अंगणात ठेवीन. पाप लागलं तर ह्यांना लागू दे." गुरुजी हसले नाहीत.

दोघं अजून दिवाणाखालीच राहतात. कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत. उंदीर आहेत तितकेच आहेत, असा परवा गुरुजींचा फोन होता; तक्रार वाटली नाही.

केसपेपरवर कारणाच्या रकान्यात मी 'जागाबदलाचा ताण' लिहिलंय. अजून खोडलेलं नाही.